आरंभक, मोटारगाडीचा

अंतर्ज्वलन-एंजिनास बाहेरून गती देऊन ते सुरू करणारे विद्युत् चलित्र व त्याच्याशी संलग्न असलेली यंत्रणा यांस मिळून आरंभक असे म्हणतात. व्यवहारात त्याला ‘स्टार्टर’ किंवा नुसते ‘सेल्फ’ म्हणण्याचा प्रघात आहे. वाफेच्या एंजिनात झडप उघडताच बाष्पाचा दाब दट्ट्यावर पडतो व एंजिन फिरू लागते. अंतर्ज्वलन-एंजिनाचे तसे नाही. इंधनमिश्रण सिलिंडरात ओढले जाऊन त्याचे संपीडन झाल्याखेरीज ज्वलन होत नाही आणि या क्रिया घडण्यासाठी भुजादंड म्हणजे क्रँकशाफ्ट आधीपासूनच फिरत असावा लागतो. पेट्रोल एंजिनाचा भुजादंड मिनिटाला सु. ६० ते १०० फेरे या वेगाने फिरविल्यास एंजिन सुरू होते. डीझेल एंजिनात केवळ संपीडनाच्या उष्णतेने इंधन पेटवावयाचे असल्याने सामान्यतः यापेक्षा जास्त वेग व पुष्कळ जास्त शक्ती लागते. हे काम प्रथम माणसाचा हात करीत असे; विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून ते विजेकडे आले. या बदलाने हाताचा धोका टळला, परंतु त्याच्या जागी विद्युत् घटमाला, तारा, संपर्क व दंतचक्रे यांची एक साखळी आली. या साखळीतील कोणताही दुवा दुबळा झाला, तरी बिघाड दिसतो तो आरंभकातच. आरंभकाचे दोष पुनःपुन्हा का उद्भवतात, हे कळण्यास त्याच्या विकासाचा इतिहास उपयोगी पडतो.

हाताने आरंभ : प्रारंभीच्या मोटारगाड्यांत एंजिनाच्या पुढील बाजूस भोक ठेवलेले असे. त्यातून वाकड्या दांड्याचे हँडल घालून भुजादंड फिरवीत. ठिणगी कोणत्या क्षणी पडावी हे ठरविणारी तरफ चालकाच्या हाताशी असे आणि हँडल मारण्यापूर्वी ठिणगी ‘मागे’ घ्यावी लागे. हे करावयाचे राहिल्यास दट्ट्या वर पोहोचण्यापूर्वीच मिश्रण पेट घेई, भुजादंड उलट फिरे आणि हँडल प्रचंड जोराने माघारी येई. अंगठा इतर बोटांच्या बाजूसच ठेवावा व हँडल खाली न दाबता वर ओढावे, अशी शिकवण चालकांना देत, ती यामुळेच. तरीही मनगट मोडण्याचे प्रकार इतके सामान्य होते की, मनगटाजवळील बहिःप्रकोष्ठास्थीच्या टोकाच्या एका विशिष्ट अस्थिभंगास शल्यचिकित्सेत ‘शोफरचा अस्थिभंग’ हे नाव पडले. हा अस्थिभंग जोनाथन हचिन्सन यांनी १८६६ मध्येच, म्हणजे मोटारगाडीपूर्वी, वर्णिला होता. परंतु रूढ झाले ते मोटारचालकांवरून पडलेले नाव.

या पद्धतीने मोटारगाडीच्या प्रसारासही मर्यादा पडली. हँडल मारण्यास ताकद व सराव दोन्ही लागत. त्यामुळे वृद्ध व दुर्बल माणसांना पेट्रोलची गाडी एकट्याने वापरता येत नसे आणि स्त्रियांनाही ती गैरसोयीची वाटे. कळ दाबताच चालणारी विजेवरील मोटारगाडी अमेरिकेतील शहरांत काही काळ लोकप्रिय होती, त्याचे हे एक कारण होय. पेट्रोलची गाडी सर्वसामान्यांपर्यंत नेणारे हेन्री फोर्ड यांच्या पत्नी क्लारा फोर्ड या स्वतः ‘डिट्रॉइट इलेक्ट्रिक’ ही विजेवरील गाडी वापरीत असत.

प्रारंभीचे प्रयत्न : हँडलला पर्याय शोधण्याचे प्रयत्न एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच सुरू झाले होते. १८९६ मध्ये इंग्लंडमध्ये एच. जे. डाउसिंग यांनी ‘आर्नल्ड’ गाडीस विद्युत् चलित्र जोडले होते. अमेरिकेत क्लाइड कोलमन यांना विद्युत् आरंभकाचे एकस्व (पेटंट) १९०३ मध्ये मिळाले. याखेरीज गुंडाळलेली स्प्रिंग, संपीडित हवा व ॲसिटिलीन वायू यांवर चालणारे आरंभकही पुढे आले. स्प्रिंगेत साठविलेली ऊर्जा एकदोन प्रयत्नांत संपे. हवेच्या टाक्या व नळ्या गळत. ॲसिटिलीन वायूचा स्फोट नियंत्रणात ठेवणे अवघड जाई. विद्युत् चलित्रास हरकत होती ती आकाराची. एंजिन सतत फिरवू शकेल एवढे चलित्र व त्यास पुरेल एवढी घटमाला गाडीत मावणे अशक्य आहे, असे त्या काळी मानले जाई.

केटरिंग यांचा आरंभक : ही अडचण चार्ल्स केटरिंग (१८७६–१९५८) यांनी दूर केली. रोकड नोंदणी यंत्रे तयार करणाऱ्या डेटन येथील कंपनीत काम करीत असताना त्यांनी अशा यंत्रासाठी लहान विद्युत् चलित्र तयार केले होते. या यंत्राचा खण उघडण्यास क्षणभर मोठा जोर लागतो व नंतर बराच वेळ काहीच काम नसते. अशा ठिकाणी चलित्रावर त्याच्या नेहमीच्या क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त भार क्षणभर टाकला, तरी ते तापून जळण्यापूर्वीच काम पुरे होते. मोटारगाडीच्या एंजिनासही हाच न्याय लागू पडतो, हे केटरिंग यांनी ओळखले. १९०९ मध्ये एडवर्ड डीड्स यांच्यासह त्यांनी ‘डेल्को’ या संक्षिप्त नावाने प्रसिद्धीस आलेली संस्था स्थापन केली.

कॅडिलॅक कंपनीचे प्रमुख हेन्री लीलँड यांचा या कामी पुढाकार होता. त्यांचे मित्र व मोटार उत्पादक बायरन कार्टर हे रस्त्यात बंद पडलेली दुसऱ्याची गाडी सुरू करून देताना हँडलचा तडाखा बसून जखमी झाले व त्यातच त्यांचा अंत झाला, त्यामुळे लीलँड यांनी हँडल हद्दपार करण्याचा निश्चय केला, अशी हकीकत सांगितली जाते. कार्टर १९०८ मध्ये वारले हे खरे. हकीकतीच्या तपशिलाबद्दल मात्र अभ्यासकांत एकमत नाही. केटरिंग यांचा आरंभक फेब्रुवारी १९११ मध्ये कॅडिलॅक गाडीवर बसवून दाखविण्यात आला व १९१२ सालच्या गाड्यांवर तो सरसकट आला. एकच यंत्र आरंभी चलित्र म्हणून व एंजिन सुरू झाल्यावर जनित्र म्हणून काम करी. आरंभासाठी घटमालेचे विभाग एकसरीत जोडून २४ व्होल्ट दाब घेतला जाई व विद्युत् भारणाच्या वेळी ते अनेकसरीत जोडून ६ व्होल्ट केला जाई. या आरंभक-प्रकाश-प्रज्वलन योजनेबद्दल कॅडिलॅकला इंग्लंडच्या रॉयल ऑटोमोबाइल क्लबचा ड्यूअर चषक दुसऱ्यांदा मिळाला. केटरिंग यांना एकस्व १९१५ मध्ये मिळाले. फोर्ड यांच्या १९०८ पासून निघणाऱ्या ‘मॉडेल टी’ गाडीस मात्र कारखान्यातून विद्युत् आरंभक मिळण्यास १९१९ साल उजाडावे लागले.

‘क्षणभराचा अतिभार’ हे केटरिंग यांचे तत्त्व आजही प्रत्येक आरंभकाच्या मुळाशी आहे. त्याच्या मर्यादाही याच तत्त्वातून निघतात. क्षणाचे काम मिनिटभर लांबले की आरंभक जळतो.

पिनियन व प्रचक्र : आरंभकाच्या दंडावरील पिनियन (लहान दंतचक्र) प्रचक्राच्या परिघावरील दातेरी कड्यात गुंतून एंजिन फिरविते. दातांचे गुणोत्तर साधारणतः १ : १० ते १ : १५ असते. त्यामुळे लहान चलित्राचा जोर तितक्या पटींनी वाढतो. परंतु एंजिन सुरू होऊन त्याचे फेरे मिनिटाला ३,००० झाले आणि पिनियन गुंतलेलेच राहिले, तर आरंभक मिनिटाला ३०,००० हून अधिक फेऱ्यांनी फिरून त्याच्या आर्मेचराची गुंडाळी केंद्रोत्सारी प्रेरणेने उखडून येईल. म्हणून पिनियन वेळेवर गुंतणे व वेळेवर सुटणे याला फार महत्त्व आहे.

या प्रश्नावरील पहिला सर्वमान्य उपाय व्हिन्सेंट बेंडिक्स (१८८१–१९४५) यांच्या नावाने ओळखला जातो. १९१४ च्या सुमारास तो मोटारगाड्यांत आला. यात पिनियन मळसूत्री नळीवर बसविलेले असते. आरंभक एकदम फिरू लागला की, जडत्वामुळे पिनियन मागे राहते व मळसूत्रावरून सरकून कड्यात गुंतते; एंजिन सुरू झाले की ते उलट दिशेने फेकले जाते. ही रचना साधी व स्वस्त असली, तरी पिनियन फिरत्या स्थितीत कड्यावर आदळत असल्याने दात झिजत. मळसूत्रावर धूळ बसली की पिनियन अडके किंवा कड्यातच रुतून बसे. रुतलेले पिनियन सोडविण्यासाठी गाडी वरच्या गिअरमध्ये घालून पुढेमागे हलवीत. काही आरंभकांत याच कामासाठी आर्मेचराच्या दंडाचे टोक चौकोनी करून बाहेर ठेवलेले असे व ते पान्याने फिरविता येई. मळसूत्रास तेल देणे हा यातील नेहमीचा प्रमाद होय. तेलावर धूळ चिकटून दोष वाढतो. मळसूत्र रॉकेलने धुऊन कोरडे ठेवावे लागते.

पुढे परिनालिकेने (नळीसारख्या विद्युत् चुंबकाने) तरफ ओढून पिनियन आधी कड्यात सरकविणे व ते गुंतल्यावरच मुख्य संपर्क जोडणे ही पद्धत रूढ झाली. एंजिनाने वेग घेताच पिनियन आरंभकास न फिरविता मोकळे फिरावे म्हणून एकदिश क्लच बसविला जातो. यामुळे दातांची झीज पुष्कळ कमी झाली. परंतु परिनालिकेचे तांब्याचे संपर्क व क्लचमधील रूळ ही झिजणारी दोन नवी स्थाने निर्माण झाली.

दाब व वेग यांतील सुधारणा : पहिल्या महायुद्धानंतर मोटारगाड्यांत सामान्यतः ६ व्होल्टची घटमाला असे. १९५० नंतरच्या दशकात एंजिनांचे संपीडन गुणोत्तर वाढले व ती फिरविण्यास अधिक शक्ती लागू लागली. १,२०० वॉट शक्तीसाठी ६ व्होल्टला २०० अँपिअर प्रवाह लागतो, तर १२ व्होल्टला १०० अँपिअर पुरतो व त्याच तारेतील उष्णतारूप व्यय एकचतुर्थांश होतो. या कारणाने अमेरिकन गाड्यांत १९५३ ते १९५६ या काळात १२ व्होल्ट दाब प्रचलित झाला. किल्ली फिरवून आरंभ करण्याची सोय क्रायस्लर कंपनीने १९४९ मध्ये केली. त्याच कंपनीने १९६० नंतर चलित्र व पिनियन यांच्या दरम्यान वेग कमी करणारी दंतचक्रे घालून लहान व वेगवान चलित्र वापरण्याची रचना प्रचारात आणली. १९८० नंतर क्षेत्र-गुंडाळ्यांऐवजी कायम चुंबक वापरण्यात येऊ लागले व आरंभक आणखी हलका झाला.

दोषांचे निदान : आरंभकाचा प्रवाह पेट्रोल गाडीत १०० ते २०० अँपिअर व डीझेल गाडीत त्याहूनही जास्त असतो. मंडलात केवळ ०·०१ ओहम एवढा जादा रोध आला, तरी २०० अँपिअर प्रवाहास २ व्होल्ट दाब तेथेच खर्च होतो व ४०० वॉट शक्ती त्या जोडाला तापविण्यात जाते. असा जोड डोळ्यास स्वच्छ दिसू शकतो. साध्या ओहममापकास एवढा अल्प रोध ओळखता येत नाही व चाचणीचा दिवाही त्यातून लख्ख पेटतो. म्हणून निदान नेहमी भार चालू असताना दाब मोजून करावे लागते.

प्रथम लक्षणे पाहतात. पुढील दिवे लावून किल्ली फिरविली असता दिवे एकदम मंद होऊन एंजिन फिरत नसेल, तर घटमाला दुर्बल आहे, जोड सैल आहे अथवा आरंभक किंवा एंजिन जाम झाले आहे. दिवे तसेच प्रखर राहून काहीच आवाज येत नसेल, तर किल्लीचा संपर्क, क्लचच्या पायटीवरील किंवा स्वयंचलित गिअरपेटीवरील सुरक्षा संपर्क, परिनालिकेची तार अथवा झिजलेले ब्रश यांकडे पाहावे लागते. ‘टक्’ असा एकच आवाज हे बहुधा परिनालिकेचे संपर्क किंवा ब्रश झिजल्याचे लक्षण असते. ‘टकटक’ अशी जलद मालिका घटमाला उतरल्याचे दर्शविते : परिनालिका ओढली जाते, भार पडताच दाब कोसळून ती सुटते व दाब सावरल्यावर पुन्हा ओढली जाते. आरंभक गरगर फिरूनही एंजिन जागेवरच राहिल्यास एकदिश क्लच घसरत असतो. खरखर आवाज दातांची झीज सुचवितो. एंजिन जोमाने फिरूनही पेट घेत नसेल, तर दोष इंधन किंवा प्रज्वलन व्यवस्थेत असतो; आरंभकास हात लावण्याचे कारण नाही.

यानंतर मोजमाप करतात. विश्रांत स्थितीत पूर्ण भारित घटमालेचा दाब सु. १२·६ व्होल्ट असतो. १२·२ व्होल्टला ती साधारण निम्मी उतरलेली असते. प्रज्वलन तोडून एंजिन फिरविताना घटमालेच्या टोकांवरील दाब ९·६ व्होल्टच्या खाली जाऊ नये. त्याच वेळी घटमालेचे धन टोक व आरंभकाचे मुख्य टोक यांच्या दरम्यान ०·५ व्होल्टपेक्षा आणि घटमालेचे ऋण टोक व आरंभकाचे कवच यांच्या दरम्यान ०·२ व्होल्टपेक्षा जास्त पात असू नये. ही मोजमापे योग्य असूनही आरंभक मंद फिरत असेल, तरच तो उतरवून ब्रश, दिक्‌परिवर्तक, धारवे व आर्मेचर तपासणे इष्ट असते. आरंभकावर हातोडीचा हलका ठोका देऊन तो चालू करण्याची रस्त्यावरची युक्ती झिजलेल्या ब्रशांच्या बाबतीत क्षणभर उपयोगी पडते. कायम चुंबकाच्या आरंभकात तिने ठिसूळ चुंबक तडकतो.

पुनरावर्ती दोष : आरंभक बदलूनही काही महिन्यांत पुन्हा बिघडतो, असा अनुभव येतो. अशा वेळी मूळ कारण बहुधा आरंभकाबाहेर असते. सर्वांत सामान्य कारण दुर्बल घटमाला हे होय. फिरणाऱ्या चलित्रात विरोधी विद्युत् दाब निर्माण होऊन प्रवाहास आळा बसतो. घटमालेचा दाब कमी असल्यास आर्मेचर मंद फिरते, विरोधी दाब अल्प राहतो व मोठा प्रवाह दीर्घकाळ वाहून गुंडाळी, संपर्क व ब्रश भाजतात. घटमाला न बदलता बसविलेला नवा आरंभकही याच मार्गाने जातो. घटमालेचे दौर्बल्यही कधी दुय्यम असते. सैल पट्टा किंवा सदोष प्रत्यावर्तकामुळे भारणाचा दाब १३·८ ते १४·५ व्होल्टपर्यंत पोहोचत नाही, अथवा गाडी बंद असताना कोठेतरी प्रवाह झिरपत राहतो. ५० मिलिअँपिअरचा पाझर दिवसाला १·२ अँपिअर-तास घेतो. उभ्या गाडीत महिन्याभरात तो ३६ अँपिअर-तास होतो, म्हणजे लहान गाडीची घटमाला जवळजवळ रिकामी होते.

दुसरे कारण एंजिन व गाडीचा सांगाडा यांना जोडणारी ‘अर्थ’ची पट्टी. एंजिन रबरी आधारांवर बसविलेले असल्याने ही पट्टी तुटली किंवा गंजली की प्रवाह वेगवर्धकाची अगर चोकची तार अशा भलत्याच मार्गाने परततो. या तारा तापून जळालेल्या आढळल्यास हा दोष निश्चित समजावा. तिसरे कारण दातेरी कड्याची विषम झीज. चार सिलिंडरांचे एंजिन बंद होताना संपीडनामुळे बहुधा ठराविक दोन स्थितींत थांबते, तर सहा सिलिंडरांचे तीन. म्हणून कड्याचे त्याच ठिकाणचे दात झिजतात व दोष अधूनमधूनच प्रकट होतो. एंजिन थोडे फिरविल्यावर खरखर थांबत असेल, तर केवळ पिनियन बदलून भागत नाही. याखेरीज एंजिनातून गळणारे तेल ब्रशांवर येणे, निष्कास नळीजवळील आरंभक तापून तांब्याचा रोध वाढणे व किल्लीचा संपर्क चिकटून आरंभक गुंतून राहणे, ही कारणेही संभवतात. ठिणगी अवाजवी पुढे असल्यास आरंभीच एंजिन उलट धक्का देते व आरंभकाच्या पुढील कवचास तडा जातो. पूर्वी चालकाचे मनगट मोडणारा धक्का तो हाच.

प्रतिबंध : आरंभक एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त फिरवू नये व दोन प्रयत्नांत किमान अर्धा ते एक मिनिट विश्रांती द्यावी. एंजिन पूर्ण थांबल्याशिवाय पुन्हा किल्ली फिरवू नये. आरंभापूर्वी दिवे व पंखा बंद ठेवावा आणि क्लच दाबावा. घटमालेची टोके खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन, घट्ट करून त्यांवर पेट्रोलियम जेली लावावी. पाणी घालण्याजोग्या घटमालेत केवळ ऊर्ध्वपातित पाणी घालावे. जोड सोडविताना ऋण टोक आधी सोडवावे व जोडताना शेवटी जोडावे. घटमालेतून निघणारा हायड्रोजन स्फोटक असल्याने ठिणगी टाळावी. थंड प्रदेशात उणे १८° से. ला घटमालेची देण्याची क्षमता निम्म्याहून खाली येते व घट्ट झालेल्या वंगणामुळे एंजिन जड होते. तेथे योग्य श्यानतेचे तेल वापरणे हाच आरंभकाच्या रक्षणाचा उपाय ठरतो. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गेलेल्या गाडीत तळाशी असलेल्या आरंभकात चिखल जाऊन परिनालिका गंजते. २६ जुलै २००५ च्या मुंबईतील महापुरासारख्या प्रसंगी बुडालेली गाडी आरंभक मारून सुरू करण्याचा प्रयत्न मुळीच करू नये. सिलिंडरात शिरलेले पाणी संपीडित होत नसल्याने संयोगदांडा वाकतो.

भारतातील स्थिती : भारतात हँडल दीर्घकाळ टिकले. जीप व प्रारंभीच्या अँबॅसडर गाड्यांबरोबर ते दिले जाई आणि घटमाला उतरल्यास चालकास त्याचा आधार असे. १९६१ मध्ये मद्रास (चेन्नई) येथे लुकस-टीव्हीएस ही कंपनी स्थापन होऊन मोटारगाड्यांच्या विद्युत् सामग्रीचे उत्पादन देशात होऊ लागले. हँडल गेल्यावर उरला तो गाडीस धक्का मारण्याचा उपाय. स्वयंचलित गिअरपेटीच्या बहुतेक गाड्यांत तो चालत नाही. निष्कास वायू शुद्ध करणारा उत्प्रेरकी परिवर्तक असलेल्या गाड्यांत न जळलेले इंधन परिवर्तकात जाऊन तो बिघडण्याचा धोका असतो.

अलीकडील प्रगती : सिग्नलपाशी एंजिन आपोआप बंद व सुरू करणाऱ्या गाड्यांत आरंभकास नेहमीच्या अनेक पटींनी काम पडते. त्यासाठी अधिक टिकाऊ ब्रश, धारवे व घटमाला वापराव्या लागतात. काही गाड्यांत पट्ट्याने जोडलेले एकच यंत्र चलित्र व जनित्र अशी दोन्ही कामे करते. ही कल्पना १९१२ च्या केटरिंग यांच्या यंत्रातही होती. १९९७ मध्ये जपानमध्ये विक्रीस आलेल्या ‘प्रियस’सारख्या संकरित गाड्यांत वेगळा आरंभक नसतो आणि केवळ विजेवर चालणाऱ्या गाड्यांना त्याची गरजच नाही. तथापि त्यांतील नियंत्रण मंडलांसाठीही बहुधा १२ व्होल्टची लहान घटमाला असते व ती उतरल्यास गाडी जागची हलत नाही. त्यामुळे घटमाला व तिचे जोड यांपासून तपासणी सुरू करण्याचा नियम या गाड्यांनाही लागू पडतो.